डायलवर रोलेक्स, आत काय?

मराठवाड्यात नवरदेवाला काय काय द्यायचं याची यादी वर्षानुवर्षं ठरलेली होती. सायकल, रेडिओ, अंगठी आणि घड्याळ. पुढे सायकलची मोटारसायकल झाली, रेडिओ मोबाइलच्या पोटात गेला, घड्याळ मात्र यादीत टिकून राहिलं. बदललं ते डायलवरचं नाव. आधी तिथे एचएमटी असायचं, मग टायटन आलं. आता गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पालमसारख्या तालुक्याच्या गावातही रोलेक्स, ओमेगा, राडो अशी नावं मनगटावर सर्रास दिसतात. खरं रोलेक्स लाखांच्या घरात जातं. हे हजार-दोन हजारांत आलेलं असतं. विकणारा आणि घेणारा, दोघंही त्याला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात.

अशा घड्याळाची चौकशी करणाऱ्याला दुकानात किंवा व्हॉट्सअॅपवर हमखास एक प्रश्न येतो, ‘सेलमध्ये देऊ की ऑटोमॅटिकमध्ये?’ बहुतेकांना त्यातला फरक एवढाच माहीत असतो की ऑटोमॅटिक महाग असतं, म्हणजे ते भारी असणार. हा समज किती खरा आहे ते पाहायचं, तर डायल क्षणभर बाजूला ठेवून घड्याळाचं मागचं झाकण उघडावं लागतं. आत जे असतं त्याला घड्याळ दुरुस्त करणारे सरळ ‘मशीन’ म्हणतात. घड्याळाचा खरा जीव त्यातच असतो.

तीन मशीनं, तीन स्वभाव

पहिलं चावीचं. रोज ठरावीक वेळी चावी दिली की आतली पोलादी स्प्रिंग गुंडाळली जाते. ती हळूहळू उलगडते, चक्रांना ताकद देते आणि बॅलन्स नावाचं इवलंसं चाक मागे-पुढे झुलत त्या ताकदीला शिस्त लावतं. कानाशी धरल्यावर टिकटिक ऐकू येते ती याच झुलण्याची. घासणाऱ्या जागी कृत्रिम माणकाचे खडे बसवलेले असतात. जुन्या घड्याळांवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असायचं ते याच खड्यांबद्दल. साध्या चावीच्या घड्याळाला तेवढे पुरतात.

दुसरं ऑटोमॅटिक. रचना जवळपास तीच, फक्त वर अर्धचंद्राच्या आकाराचं एक वजन फिरतं राहतं. हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. घड्याळ एक-दोन दिवस काढून ठेवलं की बंद पडतं, कारण त्याला हलवणारा हातच नसतो.

तिसरं सेलचं, म्हणजे क्वार्ट्झ. यात सेलची वीज क्वार्ट्झच्या एका बारीक स्फटिकाला कंप पावायला लावते. हा स्फटिक सेकंदाला बरोबर ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा उगाच निवडलेला नाही. त्याला पंधरा वेळा निम्मं केलं की उरतो एक. म्हणजे आतल्या चिपला सेकंदाला एक ठोका मिळतो आणि सेकंदकाटा एक उडी मारतो.

अचूकतेत या तिघांची तुलनाच होत नाही. जपानच्या सिटिझन समूहातल्या मियोटाचं ‘२०३५’ हे सेलचं मशीन जगभरच्या स्वस्त घड्याळांत बसवलं जातं. त्याची घोषित चूक महिन्याला फार तर वीस सेकंद. त्याच मियोटाचं ‘८२१५’ हे लोकप्रिय ऑटोमॅटिक मशीन दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे जाऊ शकतं, आणि कंपनीच्या हिशेबाने ते ठणठणीत असतं. थोडक्यात, साधं सेलचं घड्याळ महिन्यात जेवढं चुकतं, तेवढं चांगलं ऑटोमॅटिक एका दिवसात चुकू शकतं. ऑटोमॅटिकला जास्त पैसे पडतात ते त्यातल्या कारागिरीचे. वेळ अधिक बरोबर दाखवण्याचे ते पैसे नव्हेत.

जनता, पायलट आणि कांचन

भारतात यातली पहिली दोन मशीनं सामान्य माणसाच्या मनगटावर आणण्याचं मोठं काम एचएमटीनं केलं. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीनं जपानच्या सिटिझनशी करार करून बंगळूरमध्ये १९६१ साली घड्याळांचा कारखाना काढला. त्याआधी आणि नंतरही बराच काळ परदेशी घड्याळ म्हणजे एक तर श्रीमंती, नाही तर तस्करी. एचएमटीचं ‘जनता’ आलं आणि मास्तर, तलाठी, एसटीचा कंडक्टर यांच्या मनगटावर देशी घड्याळ दिसू लागलं. जनता चावीचं, काळ्या डायलचं ‘पायलट’ही चावीचं, तर ‘कांचन’ ऑटोमॅटिक. देवनागरीत ‘जनता’ लिहिलेल्या डायलही कंपनीनं काढल्या. लग्नात कांचन मिळालं की जावई खूश, असा तो काळ होता. कंपनीनं एकूण दहा कोटींहून अधिक घड्याळं बनवली.

दरम्यान जगात उलथापालथ झाली होती. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइकोनं ‘अॅस्ट्रॉन’ हे सेलवर चालणारं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तेव्हाच्या एका छोट्या मोटारीएवढी. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत क्वार्ट्झ इतकं स्वस्त झालं की स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या नोकऱ्या गेल्या. भारतात ही लाट टायटननं आणली. टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचं औद्योगिक विकास महामंडळ यांनी १९८४ साली मिळून स्थापन केलेल्या या कंपनीनं होसूरला कारखाना टाकला आणि सुरुवातीपासून भर दिला तो क्वार्ट्झवर. एचएमटीनंही क्वार्ट्झ घड्याळं काढली होती, पण तिचा जीव चावीच्या घड्याळांतच अडकून राहिला. अखेर जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला.

हा इतिहास इथे सांगायचं कारण असं, की आजच्या नकली घड्याळांच्या बाजारात दोन्ही काळ एकत्र नांदतात. चिनी कारखान्यांतून रोलेक्सच्या नकला येतात, आणि जुन्या एचएमटीच्या नकला आपल्याकडेच तयार होतात.

कॉपीच्या पोटात

हजार-बाराशेची फर्स्ट कॉपी उघडली तर बहुतेक वेळा एकच दृश्य दिसतं. केस भली मोठी, पण मधोमध नाण्याएवढं सेलचं मशीन आणि त्याच्या भोवती उरलेली पोकळी भरायला प्लॅस्टिकची कडी. ही कडी सैल असेल तर हात झटकल्यावर मशीन आत हलतं आणि चावी ओढली की दांडीच निघून हातात येते. झाकणावर ‘जपान मूव्हमेंट’ कोरलेलं असलं, तरी आतलं मशीन जपानी असेलच याची खात्री नाही. डायलवरचं नाव खोटं लिहिणाऱ्याला झाकणावर आणखी दोन खोटे शब्द कोरायला काय लागतं?

महागड्या कॉपीत ऑटोमॅटिक मशीन घालतात. त्यातलं एक फार प्रचलित मशीन चीनच्या ग्वांगझूमध्ये बनतं आणि त्याची रचना मियोटाच्या त्याच ८२१५ वरून उचललेली आहे. ते तासाला २१,६०० ठोके मारतं, म्हणजे सेकंदाला सहा. आजची बहुतेक खरी रोलेक्स तासाला २८,८०० ठोके मारतात, म्हणजे सेकंदाला आठ. डोळ्यांना दोन्हीकडे सेकंदकाटा सरकतच जाताना दिसतो. पण मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये काट्याचा व्हिडिओ काढला तर एका सेकंदातल्या बारीक उड्या मोजता येतात.

सेकंदकाट्याची आणखी एक खूण बरेच जण सांगतात, ‘काटा टकटक उडत असेल तर माल नकली.’ ही खूण अर्धवट खरी आहे. रोलेक्सनं काही काळ क्वार्ट्झ घड्याळं काढली होती, पण आज कंपनी सेलवर चालणारं एकही घड्याळ विकत नाही. त्यामुळे नव्या रोलेक्सचा काटा सेकंदाला एकच उडी मारत असेल तर विषय तिथेच संपतो. राडो, ओमेगा, टिसॉ या कंपन्या मात्र आजही सेलची घड्याळं बनवतात. त्यांच्या बाबतीत टकटक हा कशाचाच पुरावा नाही.

तीन छोट्या डायलवाल्या घड्याळांत तर गंमतच असते. मूळ घड्याळात त्या स्टॉपवॉचच्या डायल असतात. बाजूचं वरचं बटण दाबलं की मोठा सेकंदकाटा धावू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की शून्यावर येतो. स्वस्त कॉपीत ही बटणं एक तर नुसती शोभेची असतात, नाही तर ती दाबल्यावर वार आणि तारीख पुढे सरकते. सगळ्यात हलक्या मालात छोट्या डायलवरचे काटे चिकटवलेलेच असतात. यांत्रिक स्टॉपवॉचचं मशीन बनवायला आणि दुरुस्त करायला अवघड असतं, म्हणून नक्कल करणारे पहिली काटछाट तिथे करतात.

‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, ‘सेव्हन ए’ हे दर्जे विकणाऱ्यांनीच पाडलेले आहेत. ते तपासून शिक्का मारणारी कोणतीही संस्था नाही. एकाची मास्टर कॉपी ही दुसऱ्याची फर्स्ट कॉपी असू शकते.

रंगवलेलं एचएमटी

चिनी मालाचा कंटाळा आलेले शौकीन जुन्या एचएमटीकडे वळतात. ऑनलाइन शोधलं की लाल, हिरव्या, निळ्या, केशरी डायलची ‘पायलट’ आणि ‘जनता’ चकचकीत फोटोंत दिसतात आणि किंमतही परवडते. यातली बरीचशी घड्याळं नव्यानं रंगवलेली असतात. जुनं, खराब झालेलं एचएमटी गोळा करायचं, मशीन धुऊनपुसून चालू करायचं, डायलवर नवा रंग मारून नावं छापायची आणि ‘व्हिंटेज’ म्हणून विकायचं, असा हा धंदा. मुंबईतून असा माल इतका निघाला की जगभरचे संग्राहक त्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणू लागले.

हे घड्याळ सरळसरळ खोटंही म्हणता येत नाही, कारण आत बहुधा एचएमटीचंच चावीचं मशीन असतं. पण ते कोणत्या अवस्थेत आहे, चार घड्याळांचे सुटे भाग जोडून बनवलंय का, हे बाहेरून कळत नाही. डायल मात्र बारकाईनं पाहिली की बोलते. मूळ छपाईतली अक्षरं बारीक आणि रेखीव असतात. रंगवलेल्या डायलवर ती जाड, किंचित फुगलेली दिसतात, मिनिटांच्या रेघा अंकांशी जुळत नाहीत, काट्यांची लांबी विजोड वाटते. आणि एचएमटीनं कधीच न काढलेला रंग असेल तर भिंग आणायचीही गरज नाही.

घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याकडून झाकण उघडलेला फोटो मागावा. मशीनवर गंज आहे का, स्क्रूच्या खाचा पेचकसानं खाल्ल्यात का, ते त्यात दिसतं. स्क्रूच्या खाचा खराब म्हणजे घड्याळ बऱ्याच अडाणी हातांतून गेलंय. फोटो द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून घेऊ नये.

ऊन, धूळ आणि फवारणीचा पंप

मशीन निवडताना घड्याळ कुठे वापरायचं हा प्रश्न शोरूममध्ये कुणी विचारत नाही. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. शेतात धूळ, फवारणीच्या दिवसांत पाठीवर पंप, ट्रॅक्टरवर दिवसभर हादरे. चावीच्या आणि ऑटोमॅटिक मशीनला ऊन, धूळ आणि हादरे हे तिन्ही नडतात. धूळ तेलात मिसळून चक्रं जड करते, तेल सुकतं आणि सततच्या हादऱ्यांनी ऑटोमॅटिकच्या फिरत्या वजनाची आस झिजते.

क्वार्ट्झवरही उष्णतेचा परिणाम होतो, पण तो किती, हे पाहण्यासारखं आहे. घड्याळातला स्फटिक साधारण २५ अंशांना सर्वांत बरोबर चालतो. तापमान वर किंवा खाली गेलं की तो थोडा मंदावतो. ४३ अंशांत घड्याळ दिवसभर पडून राहिलं तर फरक पडतो दिवसाला जेमतेम एका सेकंदाचा. मनगटावर असताना तेवढाही पडत नाही, कारण अंगाच्या आधारानं घड्याळाचं तापमान फार चढत-उतरत नाही.

लोहचुंबकाचा त्रास मात्र यांत्रिक घड्याळांना जास्त. लाउडस्पीकर, मोटार किंवा चुंबकाच्या कव्हरचा मोबाइल यांच्याजवळ घड्याळ वारंवार ठेवलं की बॅलन्सची केसासारखी स्प्रिंग चुंबकीय होते आणि घड्याळ एकदम मिनिटामिनिटानं पुढे पळू लागतं. बिघाड मोठा नसतो, चुंबकत्व काढणाऱ्या छोट्या यंत्रावर धरलं की ते सुधारतं. पण ते यंत्र जवळ असलेला कारागीर सापडायला हवा. चावीचं मशीन पूर्ण खोलून, साफ करून, तेल घालून परत बसवणारे हात आता तालुक्याच्या गावांत दुर्मीळ होत चाललेत. पालमच्या माणसाला त्यासाठी परभणी किंवा नांदेड गाठावं लागतं. सेलच्या घड्याळाचं तसं नाही. सेल कुठेही बदलून मिळतो आणि मशीनच गेलं तर कारागीर दुरुस्तीच्या फंदात न पडता नवं मशीन बसवून देतो. एकच पथ्य, संपलेला सेल आत तसाच ठेवू नये. तो गळला की सर्किट खातो.

पाण्याबद्दलही एक गैरसमज आहे. झाकणावर ‘३० मीटर’ लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ विहिरीत उडी मारता येते असा होत नाही. हात धुताना उडालेलं पाणी आणि पावसाचे शिंतोडे सोसेल, एवढाच तो भरवसा, आणि तोही खऱ्या कंपनीनं दिला असेल तर.

कायद्याची बाजू

नकली ब्रँडचं घड्याळ विकणं हा गुन्हा आहे. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ प्रमाणे खोटा ट्रेडमार्क लावणाऱ्याला आणि असा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. विक्रीसाठी माल जवळ बाळगणाराही त्यात येतो. बाहेरून येणारा असा माल २००७ च्या नियमांनुसार सीमाशुल्क खातं अडवू शकतं. तरीही धंदा थांबलेला नाही. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयानं नकली मालासाठी कुप्रसिद्ध बाजारांच्या २०२१ च्या यादीत मुंबईच्या हिरा पन्ना मार्केटचं नाव घातलं होतं.

स्वतःसाठी एखादं घड्याळ घेणाऱ्याला ही कलमं लागत नाहीत. पण त्याची अडचण वेगळी आहे. फर्स्ट कॉपीचं पक्कं बिल नसतं, वॉरंटी नसते, आणि आठ दिवसांत बंद पडलं तर ग्राहक आयोगात नेण्यासारखा हातात कागदही नसतो. ऑनलाइन मागवलेल्या मालाचा विकणारा तोवर नंबर बदलून मोकळा झालेला असतो.

मग घ्यायचं काय?

ज्या पैशांत फर्स्ट कॉपी येते त्याच पैशांत सोनाटा, मॅक्सिमा किंवा कॅसिओचं खरं, बिलासकट आणि वॉरंटीसकट सेलचं घड्याळ येतं. कॅसिओचं १९८९ साली आलेलं ‘एफ-९१डब्ल्यू’ हे प्लॅस्टिकचं डिजिटल घड्याळ एका सेलवर सुमारे सात वर्षं चालतं. मात्र त्याच्याही नकला निघाल्यात, तेव्हा ते ओळखीच्या दुकानातूनच घ्यावं. शेतात, दुकानात, शाळेत रोज वापरायला यापेक्षा वेगळं काही लागत नाही.

रोलेक्ससारखी ठेवण आवडते, पण नाव नको, अशांसाठी तिसरी वाट आहे. काही छोट्या कंपन्या तशाच घाटाची घड्याळं स्वतःच्या नावानं विकतात आणि आत सेइकोचं ‘एनएच३५’ किंवा मियोटाचं मशीन घातल्याचं उघड सांगतात. दुसऱ्याचा ट्रेडमार्क छापलेला नसल्यानं ही घड्याळं नकली मालात मोडत नाहीत. एनएच३५ ला हातानं चावी देता येते, वेळ लावताना सेकंदकाटा थांबतो आणि पूर्ण चावी दिल्यावर ते सुमारे ४१ तास चालतं. खऱ्या एनएच३५ चे भाग मिळतात आणि ते कारागिरांच्या ओळखीचं असतं, त्यामुळे ते दुरुस्तही होतं. ऑटोमॅटिकची हौस असेल तर पैसे इथे घालावेत. एक पथ्य पाळावं, रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलू नये. त्या वेळी तारखेची चक्रं आपसूक गुंतलेली असतात आणि जबरदस्तीनं फिरवली तर त्यांचे दात तुटतात.

घरात आजोबांचं एचएमटी पडून असेल तर ते भंगारात किंवा रंगवणाऱ्याच्या हाती देण्याआधी एकदा चांगल्या कारागिराला दाखवावं. डायल डागाळलेली असली तरी तशीच राहू द्यावी, फक्त मशीन साफ करून घ्यावं. नव्या फर्स्ट कॉपीवर खर्च होणारे पैसे त्या दुरुस्तीवर घातले, तर हाती खरं घड्याळ राहतं.